शंभर पटींचा फरक : ग्रेड बी क्लीनरूम प्रमाणित करून घेतानाचे बावीस आठवडे

३,५२० आणि ३,५२,०००. क्लीनरूमचं, म्हणजे हवेतले कण मोजून मर्यादेत ठेवलेल्या खोलीचं, काम अंगावर घेणाऱ्यानं हे दोन आकडे आधी समोर लिहून ठेवावेत. निर्जंतुक औषधांसाठीच्या युरोपीय नियमावलीत, म्हणजे ॲनेक्स १ मध्ये, ग्रेड बी खोलीसाठी हे दोन्ही आकडे दिले आहेत. ग्रेड ए सगळ्यात कडक, बी त्याच्या खालोखाल. खोली तयार, हवा चालू, आत कुणीही नाही अशा वेळी एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त ३,५२० चालतात. माणसं आत काम करत असताना तीच मर्यादा ३,५२,००० होते. मधला शंभर पटींचा फरक माणसांसाठी सोडलेला आहे. त्वचेचा वरचा थर दोन ते चार आठवड्यांत गळून नवा येतो आणि तो गळतो तो हवेतच. चालणारा माणूस बसलेल्यापेक्षा कितीतरी जास्त कण सोडतो.

पहिला आकडा फिल्टर आणि पंखे गाठून देतात. दुसरा आकडा राखायचा तर माणसांनी, रोज, एकाच रीतीनं वागावं लागतं. हे काम सुरू करताना बहुतेकांचं सगळं लक्ष पहिल्या आकड्यावर असतं. आमचंही होतं. बावीस आठवड्यांचा हिशेब मांडला तर हवा आणि फिल्टर ह्यांच्या चाचण्या तीन आठवड्यांत उरकल्या, आणि माणसांच्या सवयींना नऊ लागले. पुढे हे काम करणाऱ्यांना वेळेचा अंदाज यावा म्हणून क्रमानं लिहितो आहे.

मधूनमधून कन्फ्यूशियस येईल, त्याचं कारण आधीच सांगतो. प्रशिक्षणात आठवड्यातून अर्धा तास सगळ्यांनी मिळून वाचायचं असं ठरलं होतं आणि त्यासाठी ‘लुन्यू’ निवडलं. कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१ ते ४७९) आणि त्याचे शिष्य ह्यांच्या संवादांचा हा संग्रह. त्यातल्या ‘ली’ ह्या कल्पनेसाठी तो घेतला. ली म्हणजे विधी, रीत, मर्यादा, शिष्टाचार. मराठीत ‘आचार’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळ जातो. ठरलेली कृती ठरलेल्या क्रमानं, मन लावून, पुन्हा पुन्हा केली की ती माणसाला घडवते, हा त्यातला गाभा. गाउनिंग, म्हणजे आत जाण्याआधी निर्जंतुक पोशाख चढवणं, शिकवताना नेमकं हेच सांगायचं असतं आणि नियमावलीच्या भाषेत ते सांगता येत नाही.

आठवडा १ ते ३ : नावं

पहिले तीन आठवडे एकही वीट हलली नाही. ॲनेक्स १ ची सुधारित आवृत्ती ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाली. तिच्यात प्रदूषण-नियंत्रणाचं लेखी धोरण मागितलं आहे. प्रदूषण कुठून येऊ शकतं, ते कशानं अडवलं आहे, अडवलं गेलं हे कशावरून कळतं आणि हे सगळे उपाय एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, हे एका जागी मांडायचं. तयार नमुना आणून त्यात नावं भरायचा मोह होतो. तसं केलं तर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर गाडी अडते.

आमची गाडी शब्दांवर अडली. जुन्या नोंदवहीत जागोजागी ‘साफ केले’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे काय केलं? पाण्यानं पुसलं, साबणद्रावणानं मळ काढला, जंतुनाशक लावलं, की स्पोअर (काही जंतूंची टणक, सुप्त रूपं) मारणारं रसायन दिलं? ही चार वेगळी कामं आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. मळावर जंतुनाशक ओतलं तर ते मळातच खर्ची पडतं. ‘निर्जंतुक’ हा शब्द तर आम्ही दोन अर्थांनी वापरत होतो: एकही जिवंत जंतू नसलेलं, आणि जंतुनाशकानं पुसलेलं. पहिला अर्थ ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रातून) सीलबंद निघालेल्या वस्तूचा, दुसरा टेबलाच्या पृष्ठभागाचा. उघडून ठेवलेल्या पुसणीच्या पाकिटावर ‘स्टराइल’ छापलेलं असतं म्हणून तिसऱ्या दिवशीही ती पुसणी निर्जंतुक समजून वापरली जाते. हा घोटाळा शब्दातून हातात उतरतो.

झीलू ह्या शिष्यानं कन्फ्यूशियसला विचारलं होतं, वेई राज्याचा कारभार हाती आला तर आधी काय कराल? उत्तर आलं: नावं नीट करीन. झीलूला हे फारच आडवळणाचं वाटलं. त्यावर कन्फ्यूशियस म्हणतो की नाव चुकलं की बोलणं जुळत नाही, बोलणं जुळलं नाही की काम पार पडत नाही, आणि शेवटी लोकांना हातपाय कुठे ठेवावेत हेच कळेनासं होतं. आम्ही अठ्ठावीस शब्दांची यादी केली. प्रत्येकाला एकच अर्थ दिला आणि एसओपी (कामाच्या लेखी कार्यपद्धती), लेबलं, नोंदवह्या सगळीकडे तोच शब्द वापरला. ‘साफ’ हा शब्द बाद केला. ह्या यादीला तीन आठवडे लागले आणि तेव्हा ते फार वाटले. तपासणीच्या दिवशी मात्र प्रश्न विचारणाऱ्याला चौघांकडून एकच उत्तर मिळत होतं.

आठवडा ४ ते ९ : बांधकाम आणि वाट पाहणं

मुख्य खोली ३६ चौरस मीटर. तिच्यात ग्रेड ए चा लॅमिनार हूड, म्हणजे गाळलेली हवा एकाच दिशेनं वाहणारं कामाचं टेबल. तिच्याआधी दोन टप्प्यांची गाउनिंग रूम, बाजूला साहित्य आत सरकवण्यासाठी दोन दारांची पेटी, म्हणजे पास बॉक्स. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे गोलाई, सांधे वितळवून जोडलेलं व्हाइनल, छतातले दिवे वरून बदलता येतील असे. ह्यावर भरपूर लिहिलेलं सापडतं, म्हणून इथे थांबत नाही. दाराबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. दार जास्त दाबाच्या खोलीकडे उघडणारं घ्या, म्हणजे हवेचा दाब ते मिटवून धरतो. उलटं बसलं तर दाबच दार किलकिलं ठेवतो आणि क्लोजरची ताकद वाढवत बसावं लागतं.

सगळ्यात लांब वाट हेपा फिल्टरची, म्हणजे हवेतले बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरची. एच१४ वर्गाचा फिल्टर, म्हणजे सर्वांत सहज निसटणाऱ्या आकाराच्या कणांपैकीही ९९.९९५ टक्के अडवणारा. प्रत्येक फिल्टरसोबत कारखान्यातल्या चाचणीचा स्वतंत्र दाखला असतो, त्यावरचा अनुक्रमांक आणि चौकटीवरचा अनुक्रमांक खोक्यातून काढतानाच ताडून पाहा. एकदा छतात बसल्यावर तो दिसत नाही. फिल्टर आले म्हणून लगेच बसवूही नका. भोकं पाडणं, घासणं, रंग, सिलिकॉन हे सगळं संपून खोली तीनदा स्वच्छ झाल्यावरच ते बसवायचे: आधी हेपा व्हॅक्यूम, मग साबणद्रावण, मग शुद्ध पाणी. डक्टमधून काही तास हवा सोडून आतली धूळ बाहेर काढायची. फिल्टर बसल्यावर कुणी एक स्क्रू मारायला ड्रिल चालवलं तरी ती धूळ फिल्टरच्या खोलीकडच्या अंगावर जाऊन बसते.

खर्चाबद्दल: उभारणीत हवेची यंत्रणा मोठा वाटा खाते हे सगळ्यांना ठाऊक असतं. अंदाजपत्रकात विसरला जातो तो चालवण्याचा खर्च. पंखे दिवसरात्र फिरतात. प्रत्येक प्रवेशाला एक निर्जंतुक गाउन-संच आणि हातमोज्यांचे दोन जोड लागतात. त्यात जंतू वाढवून मोजायच्या प्लेट, पुसण्या, जंतुनाशक, मापन-उपकरणांचं वर्षाचं कॅलिब्रेशन धरा. एका पाळीत किती प्रवेश होतील हे मोजून गाउनचा आकडा काढा आणि गाउनिंगच्या परीक्षेत नापास होणाऱ्यांसाठी वेगळा साठा धरा. आमचा साठा चौदाव्या आठवड्यात संपला आणि चार दिवस काम थांबलं.

आठवडा १० : गळती

बसवलेल्या फिल्टरची गळती-चाचणी करताना वरच्या बाजूला पीएओ ह्या कृत्रिम तेलाचा बारीक धुरळा सोडतात, लिटरमागे १० ते १०० मायक्रोग्रॅम, आणि खाली तो धुरळा मोजणाऱ्या फोटोमीटरचा प्रोब फिरवतात. फिल्टरच्या तोंडापासून सुमारे तीन सेंटिमीटरवर, सेकंदाला पाच सेंटिमीटरपेक्षा जलद नाही, एकमेकांवर येणाऱ्या पट्ट्यांत. वरच्या मात्रेच्या ०.०१ टक्क्याहून जास्त काही दिसलं तर ती गळती.

आमच्याकडे दोन फिल्टर अडकले, दोन्ही चौकटीच्या कोपऱ्यात. गाळणारं माध्यम शाबूत होतं, चौकटीची सांधपट्टी, म्हणजे गॅस्केट, नीट बसलं नव्हतं. पहिला सहजभाव बोल्ट आवळण्याचा असतो. एकच कोपरा आवळला की समोरचा उचलला जातो. सगळे बोल्ट सैल करून समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडं थोडं, ठरलेल्या टॉर्कनं आवळले तेव्हा एक सुटला. दुसऱ्याचं गॅस्केट आधीच चिरडलेलं होतं, ते बदलावं लागलं. सिलिकॉन लावून गळती बंद करून द्यायची तयारी कंत्राटदारानं दाखवली. नकार दिला. खोलीच्या बाजूनं लावलेलं सिलिकॉन आज धूर अडवतं, पण पुढच्या वेळी फिल्टर बदलताना चौकटीला चिकटून बसतं आणि खरवडताना नवी गळती देतं.

आठवडा ११ : दाब, परतावा, मोजणी

वेगळ्या दर्जाच्या शेजारच्या खोल्यांमध्ये किमान १० पास्कलचा फरक हवा. मुख्य खोली ४५, गाउनिंग ३०, मार्गिका १५ असा उतार ठेवला. दार उघडलं की दाब कोसळतो, म्हणून अलार्मला काही सेकंदांचा विलंब द्यावा लागतो आणि तो का दिला हे लिहून ठेवावं लागतं. विलंब शून्य ठेवला तर अलार्म इतक्यांदा वाजतो की खरा वाजला तरी कुणी मान वर करत नाही. फार मोठा ठेवला तर उघडं राहिलेलं दार कळत नाही. हे आकडे दार उघडून, माणूस आत जाऊन, दार मिटेपर्यंतचा वेळ वीसेक वेळा मोजून ठरवा.

परताव्याची चाचणी म्हणजे खोली मुद्दाम धुरळ्यानं भरायची आणि ती पुन्हा स्वच्छ व्हायला किती वेळ लागतो ते पाहायचं. काम संपल्यावर २० मिनिटांच्या आत खोलीनं रिकाम्या अवस्थेच्या मर्यादेत यावं अशी अपेक्षा आहे. एका कोपऱ्यात हे जमेना. खोलीतली हवा परत खेचणाऱ्या जाळीसमोर कुणीतरी ट्रॉली लावली होती.

कणमोजणीच्या जागा किती, हे आयएसओ १४६४४-१ ह्या क्लीनरूमच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत क्षेत्रफळानुसार तक्त्यात दिलं आहे. ३६ चौरस मीटरला ९. १९९९ च्या आवृत्तीत क्षेत्रफळाचं वर्गमूळ घ्यायचे, त्या हिशेबानं ६ पुरल्या असत्या. जुन्या प्रोटोकॉलची नक्कल केलीत तर इथे चुकाल. किती हवा खेचायची ह्याचं सूत्र सोपं आहे: वीस भागिले त्या आकाराच्या कणांची मर्यादा, गुणिले हजार, उत्तर लिटरमध्ये. अर्धा मायक्रॉनला ३,५२० ची मर्यादा असताना ५.७ लिटर पुरतात. रिकाम्या ग्रेड बी खोलीच्या वर्गीकरणात पाच मायक्रॉनचे कण मोजणं बंधनकारक नाही, पण रोजच्या देखरेखीत त्यांची मर्यादा २९ आहे, म्हणून आम्ही सुरुवातीलाच मोजले. त्यासाठी एका जागी ६९० लिटर हवा लागते. मिनिटाला २८.३ लिटर खेचणाऱ्या काउंटरनं एका जागेला साडेचोवीस मिनिटं, नऊ जागांना पावणेचार तास. तास कमी करायचे तर मिनिटाला १०० लिटर खेचणारा काउंटर मागवा. नळी एक मीटरपेक्षा लांब नको, कारण पाच मायक्रॉनचे कण नळीतच बसतात आणि आकडा खोटा चांगला येतो. काउंटरला सुरू होण्याआधीचा विलंब लावून आपण बाहेर पडायचं, खोली शांत होऊ द्यायची, मग मोजणी.

नऊही जागा पास झाल्या. त्या संध्याकाळी सगळ्यांना काम संपल्यासारखं वाटलं होतं.

आठवडा १२ : धूर

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड ह्यांनी गाळलेली हवा एकाच दिशेनं सतत वाहू देणारी खोली मांडली. हवेनंच खोली झाडत राहायची. आजचा प्रत्येक लॅमिनार हूड त्याच विचारावर चालतो. त्यात कामाच्या पातळीवर हवेचा वेग सेकंदाला ०.३६ ते ०.५४ मीटर असावा असं मार्गदर्शन आहे. वेग बरोबर असूनही हवा चुकीच्या जागी वळू शकते, आणि ते फक्त धुरातून दिसतं.

धूर शुद्ध पाण्याच्या फॉगरचा घ्या. ग्लायकॉलचा धूर छान दाट दिसतो आणि पृष्ठभागावर थर सोडतो. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा धूर कॅमेऱ्यात उमटत नाही, म्हणून मागे गडद पडदा धरा आणि प्रकाश बाजूनं द्या. पहिले दोन दिवस आमचं चित्रण ह्याच कारणानं वाया गेलं. आधी रिकामा हूड, मग आत हात घालून खरी कृती करताना. दुसऱ्या चित्रणात दिसलं की उघड्या बाटलीवरून पलीकडची कात्री घ्यायला हात गेला की हाताखाली धूर अडतो, गोल फिरतो आणि सरळ बाटलीच्या तोंडात उतरतो. फिल्टरमधून निघालेली, कशालाही न शिवलेली हवा त्या तोंडापर्यंत पोचतच नव्हती. साहित्याची मांडणी बदलली: उघडी वस्तू आणि फिल्टर ह्यांच्यामध्ये काहीही येणार नाही, हात बाजूनं जाईल. हा तीस सेकंदांचा तुकडा आम्ही पुढे प्रत्येक नव्या माणसाला दाखवला. ‘हळू हला’ हे शंभरदा सांगून जे उतरलं नव्हतं ते त्या तुकड्यानं उतरवलं.

आठवडा १३ ते १७ : गाउनिंग

क्रम असा. दागिने, घड्याळ, मेकअप बाहेर. आतले खास कपडे. हात धुऊन पूर्ण कोरडे, मग अल्कोहोल. केसांची टोपी, दाढी असल्यास तिचं आवरण, मास्क. हातमोज्यांचा पहिला जोड. मग डोकं आणि मान झाकणारा हुड. कव्हरऑल, म्हणजे अंगभर पोशाख, आतली बाजू बाहेर येईल असा घडी केलेला असतो. तो आतूनच धरायचा, पाय आणि बाह्या गोळा करून, म्हणजे काहीही जमिनीला लागणार नाही. बाकावर बसून एक बूट चढवायचा आणि तो पाय थेट पलीकडच्या स्वच्छ बाजूला टाकायचा, मग दुसरा. गॉगल. हातमोज्यांचा दुसरा जोड, मनगटाच्या पट्टीवर ओढून. आरशात पाहणं. हातांना पुन्हा अल्कोहोल. सगळं नीट केलं तर दहा ते बारा मिनिटं लागतात. सात मिनिटांत झालेलं गाउनिंग आमच्याकडे प्लेटवर दिसायचं.

पात्रतेसाठी सलग तीन वेळा पास व्हावं लागतं, वेगवेगळ्या दिवशी. गाउन घातल्यावर कपाळ, छाती, दोन्ही बाहू इथे ५५ मिलिमीटरची कॉन्टॅक्ट प्लेट (जंतू उचलून वाढवणारी) दाबायची आणि बोटांचे ठसे घ्यायचे. ठसे घेण्याच्या लगेच आधी हातमोज्यांना अल्कोहोल लावू देऊ नका, नाहीतर जंतूंऐवजी अल्कोहोलच तपासलं जातं. प्लेटमध्ये लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट ८० हे उरलेलं जंतुनाशक उदासीन करणारे घटक आहेत ना, तेही बघा. मग थांबायचं: आम्ही पाच दिवस २०–२५ अंशांना आणि नंतर तीन दिवस ३०–३५ अंशांना ठेवत होतो. म्हणजे आज काय चुकलं ते आठ दिवसांनी कळतं. हे आठ दिवस जड जातात, आणि तोवर माणूस आपण नेमकं काय केलं ते विसरलेला असतो. प्रत्येक प्रयत्नाचं चित्रण ठेवलं तर निकाल लागल्यावर दोघांनी बसून चूक शोधता येते. बाहूवर वाढ म्हणजे कव्हरऑल चढवताना बाही बाकाला किंवा भिंतीला लागली. कपाळावर वाढ म्हणजे हुडाची कड उघड्या हातानं सारखी केली. पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त लोक नापास झाले.

ह्या आठवड्यांत दोन सूचना आल्या, दोन्ही वेळ वाचवणाऱ्या. एक, धुऊन वापरायच्या गॉगलऐवजी एकदाच वापरायचे निर्जंतुक गॉगल आणावेत. दुसरी, सुरुवातीला हातांना अल्कोहोल लावलेलंच असतं, तर दुसरा जोड चढवल्यावरचं शेवटचं अल्कोहोल काढून टाकावं. त्याच आठवड्यात ‘लुन्यू’च्या नवव्या भागातला उतारा वाचनाला आला. कन्फ्यूशियस म्हणतो, रीतीप्रमाणे टोपी तागाची हवी. आजकाल लोक रेशमी वापरतात, ती काटकसरीची आहे, मी लोकांसारखंच करतो. पण रीतीप्रमाणे राजाला नमस्कार पायऱ्यांच्या खालूनच करायचा. आजकाल लोक वर चढून करतात, तो उद्धटपणा आहे, सगळ्यांच्या विरुद्ध जावं लागलं तरी मी खालूनच करीन. टोपी बदलली तरी तिचा हेतू शाबूत राहतो. नमस्काराची जागा बदलली की नमस्काराचा हेतूच जातो.

हाच निकष लावला. गॉगल बदलले. शेवटचं अल्कोहोल ठेवलं, कारण दुसरा जोड चढवताना हात गॉगलला, मनगटाला, पाकिटाला लागलेले असतात. ती कृती काढली तर आधीच्या दहा मिनिटांचा हेतूच उरत नाही. परंपरेला चिकटून राहणारा म्हणून कन्फ्यूशियस ओळखला जातो. परंपरेतलं काय सोडावं ह्याची इतकी नेमकी कसोटी त्याच्याकडे मिळेल असं वाटलं नव्हतं.

प्रशिक्षणाच्या कागदांबद्दलही इथेच सांगतो. ‘एसओपी वाचून समजली’ ह्याखाली सही घेण्याची पद्धत सगळीकडे असते. चीनमध्ये झू शी (११३० ते १२००) ह्यानं निवडलेले चार ग्रंथ १३१३ च्या फर्मानानं राजपरीक्षेचा पाया झाले आणि १९०५ मध्ये परीक्षा बंद होईपर्यंत तसेच राहिले. पिढ्यान्‌पिढ्या ते पाठ करून उतरवले गेले, आणि स्वतःला घडवण्यासाठी लिहिलेला मजकूर नोकरी मिळवण्याचं साधन झाला. आमच्याकडच्या सह्यांचं तेच होत होतं. सही बंद केली नाही, तिच्याआधी एक पायरी घातली: शिकणाऱ्यानं प्रत्येक कृतीचं कारण तोंडी सांगायचं. कारण सांगता आलं नाही तर सही नाही.

आठवडा १८ ते २१ : माणसं आत

कार्यरत अवस्थेतली मोजणी सुरू झाली. कणांसाठी ३,५२,०००, पाच मायक्रॉनला २,९३०. जंतूंसाठी, म्हणजे प्लेटवर वाढलेल्या वसाहतींसाठी, ग्रेड बी ची मर्यादा घनमीटर हवेत १०, चार तास उघड्या ठेवलेल्या ९० मिलिमीटर प्लेटवर ५, कॉन्टॅक्ट प्लेटवर ५. कण सहज मर्यादेत राहिले. दुसऱ्या आठवड्याच्या प्लेट वाचल्या तेव्हा पास बॉक्सजवळच्या जमिनीवर ११ वसाहती निघाल्या. ओळख पटवल्यावर बॅसिलस, म्हणजे स्पोअर करणारा जंतू.

७० टक्के अल्कोहोल स्पोअरना मारत नाही. ते पुसून हलवतं, एवढंच. म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पेरॲसिटिक आम्ल असलेलं द्रावण ठरावीक दिवसांनी वापरावं लागतं, आणि पृष्ठभाग लेबलवरच्या पूर्ण वेळेपर्यंत ओला ठेवावा लागतो. दहा मिनिटं लिहिलेलं असेल आणि भिंत चार मिनिटांत वाळत असेल, तर ती पुन्हा ओली करायची. पुसणीची दोनदा घडी घातली की आठ पृष्ठं मिळतात, प्रत्येक पट्ट्यानंतर नवं पृष्ठ. हात एकाच दिशेनं, पट्टा आधीच्या पट्ट्यावर पावभर चढवून, वरून खाली, स्वच्छ भागाकडून कमी स्वच्छ भागाकडे. गोल गोल पुसलं की मळ फक्त फिरतो. शेवटी निर्जंतुक पाण्यानं रसायनाचा थर काढायचा, नाहीतर जमीन चिकट होते आणि पुढचं जंतुनाशक त्या थरावर बसतं.

हे सगळं पुन्हा नीट केलं, पण स्पोअर आले कुठून? पुठ्ठा हा त्यांचा नेहमीचा वाहक. पुठ्ठ्याची खोकी मार्गिकेतच फोडायची असा नियम होता आणि नोंदीप्रमाणे तो पाळलाही जात होता. चार दिवस नोंदी चाळल्या. पाचव्या दिवशी एका सहकाऱ्यानं स्वतःहून सांगितलं की घाईच्या एका पाळीत एक आतलं खोकं तसंच पास बॉक्समध्ये ठेवलं होतं. ते सांगितलं गेलं ह्याचं कारण आधीच्या महिन्यातला एक निर्णय होता. चूक कळवणाऱ्याला दंड नाही आणि नापास म्हणून शेराही नाही, असं ठरवलं होतं. त्याला विरोध झाला होता. धाक नसेल तर शिस्त राहील का, असा प्रश्न होता. ‘लुन्यू’च्या दुसऱ्या भागातलं वचन तेव्हा वाचलं गेलं होतं: हुकमांनी चालवलं आणि शिक्षांनी सरळ केलं तर लोक शिक्षा चुकवायला शिकतात आणि त्यांना लाज उरत नाही, सद्वर्तनानं चालवलं आणि लीनं सरळ केलं तर लाज उरते आणि ते आपणहून नीट होतात. स्पोअरचा माग लागला तो ह्या निर्णयामुळे. पास बॉक्सशेजारी खोकी फोडण्याचं टेबल आणि बिनपुठ्ठ्याचे क्रेट आले, आणि घाईच्या पाळीतही चुकायला वाव कमी झाला.

एक अडचण मात्र कन्फ्यूशियसच्या नावावरच मांडली जाते. वडीलधाऱ्यांपुढे मान खाली, वरिष्ठाचा शब्द अखेरचा, ही शिकवण त्याची, असं समजलं जातं. १९१९ च्या आसपास चीनमधल्या तरुण लेखकांनी त्याच्यावर हल्ला चढवला तो ह्याच कारणानं, आणि समाजात ती शिकवण तशी राबवली गेली होती हे खरं आहे. क्लीनरूममध्ये तिची किंमत लगेच मोजावी लागते. वरिष्ठाचा मास्क नाकाखाली आला आहे आणि नवी मुलगी गप्प आहे, हे दृश्य आमच्या चित्रणात दोनदा सापडलं. पण त्याच ग्रंथात झीलू विचारतो, राजाची सेवा कशी करावी? उत्तर: त्याला फसवू नकोस, आणि त्याच्या तोंडावर विरोध कर. हे वाक्य गाउनिंग रूमच्या आरशाशेजारी लावलं. त्याखाली नियम: मास्क, हुड, हातमोजा ह्यात कुणाचीही चूक कुणालाही दिसली तर म्हणायचं ‘थांबा’, आणि ज्याला म्हटलं त्यानं प्रश्न न विचारता बाहेर जाऊन पुन्हा सुरुवातीपासून गाउन घालायचा. पहिला आठवडा कुणीच म्हणालं नाही. मग विभागप्रमुखांनी ठरवून एकदा चुकीच्या पद्धतीनं प्रवेश केला आणि ‘थांबा’ ऐकल्यावर शांतपणे परत गेले. त्यानंतर तो शब्द रोज ऐकू येऊ लागला.

रात्रपाळीत सांगणारं कुणी नसतं. एकटा माणूस, दार बंद, आरसा. ‘शेनदू’ म्हणजे एकांतात स्वतःवर लक्ष ठेवणं. झू शीनं निवडलेल्या चारपैकी दोन ग्रंथांत हा शब्द येतो. कॅमेरे लावावेत अशी सूचना होती आणि गाउनिंग रूममध्ये ते रोजच्यासाठी लावता येत नाहीत. त्याऐवजी प्रत्येकानं दर पाळीच्या शेवटी तीन ओळी लिहायच्या ठरल्या: आज गाउनिंगमध्ये कुठे घाई झाली, काय कशाला लागलं, उद्या काय बदलीन. ह्या वह्या कुणी तपासत नाही. महिन्यातून एकदा ज्याला वाटेल तो त्यातलं मोठ्यानं वाचतो. एकविसाव्या आठवड्यात दिवसपाळी आणि रात्रपाळीच्या हातमोज्यांच्या प्लेटमध्ये फरक दिसेनासा झाला.

आठवडा २२ : कागद

अहवाल जुळवायला चार दिवस लागतील असं धरलं होतं, नऊ लागले. काउंटर, फोटोमीटर, दाबमापक ह्यांचे कॅलिब्रेशनचे दाखले चाचणीच्या तारखेला वैध होते का, हे आधीच एका पानावर काढून ठेवा. आमच्या एका दाबमापकाची मुदत चाचणीच्या दोन दिवस आधी संपली होती आणि ती पूर्ण मोजणी पुन्हा करावी लागली. प्लेटच्या प्रत्येक खेपेचा वाढ-चाचणीचा दाखला, धुराच्या चित्रणाची मूळ प्रत, स्पोअरच्या डेव्हिएशनचा, म्हणजे मर्यादा ओलांडल्याच्या नोंदीचा, शेवट, प्रत्येक माणसाचे तीन गाउनिंग निकाल, सगळं त्यातच जातं.

ग्रेड ए आणि बी ची पात्रता सहा महिन्यांच्या आत पुन्हा करावी लागते, गाउनिंगची किमान वर्षातून एकदा. सहा महिन्यांची तारीख भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिली आहे. फिल्टरची मागणी आणि गाउनचा जादा साठा ह्यांच्या तारखा तिच्या आठ आठवडे आधीच्या आहेत.